अंबाल्याचा मुराळी

दिवाळी जवळ आली की बहिणीला माहेरी आणायला भावाने जावे, ही आपल्याकडची जुनी रीत. अशा भावाला मुराळी म्हणतात. माझ्या आजीला आणायला तिचा भाऊ छकडा जुंपून पाथरीहून मानवतला जात असे. आईला आणायला मामा एस. टी.ने येत. सकाळी निघालेला मुराळी दिवेलागणीला बहिणीसह घरी, असा तो आटोपशीर कारभार होता. गेल्या वर्षी मात्र हे काम माझ्याकडे आले, आणि त्यासाठी मला परभणीहून थेट अंबाल्याला, म्हणजे सुमारे पावणेदोन हजार किलोमीटर दूर जावे लागले. येताना बरोबर आणायचे होते ते असे : धाकटी बहीण, तिची आठ महिन्यांची लेक चिऊ, सहा काळ्या लोखंडी पेट्या, ठकी नावाचे एक मांजर आणि एक सुभेदार.

सुभेदार हा कुत्रा आहे. आमचे जावई फौजेत नाईक आहेत. अंबाल्याच्या छावणीत पावसाने भिजलेले एक पिलू त्यांनी घरी आणले, तेव्हा त्याच्या बसण्यातला रुबाब पाहून त्याचे नाव सुभेदार ठेवले गेले. नाईकाच्या घरी सुभेदार दाराशी बसतो, हा विनोद त्या चाळीतल्या क्वार्टरांत चांगलाच रुळला होता. बहिणीने तो मला फोनवर इतक्यांदा सांगितला होता, की कुत्रा पाहण्याआधीच मला त्याचा कंटाळा आला होता.

वाचकहो, आमच्या मराठवाड्यात सातारा-कोल्हापूरसारखी घरोघरी फौजेची परंपरा नाही. तरी फौजेची बिऱ्हाडे आम्ही पाहिलीच नाहीत असे म्हणता येणार नाही. १९९९ च्या १ मे रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत हिंगोली आमच्या परभणी जिल्ह्यात होती, आणि तिथे १८१९ पासून १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ते सैन्य हिंदुस्थानी फौजेत सामील झाले आणि छावणी उठली. त्या काळात पलटण हलली की बैलगाड्यांवर संसार चढत असणार, गाडीखाली कुत्री चालत असणार आणि बाया झोळीतल्या लेकरांना पदराने वारा घालीत असणार. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मी वर्गात वीस वर्षे शिकवत आलो. पण विंचवाला लेकरू आणि कुत्रा असला तर काय होते, हे मला अंबाल्याला जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

जावयांची बदली सीमेवर झाली होती. फौजेत नेमणुका ढोबळमानाने दोन तऱ्हेच्या. एक शांततेच्या ठिकाणची, जिथे नंबर लागला तर क्वार्टर मिळते आणि बायकापोरांना ठेवता येते. दुसरी 'फील्ड'ची, जिथे माणूस एकटाच जातो. मग कुटुंबाने काय करायचे? काही ठिकाणी अशा कुटुंबांसाठी निराळी घरे असतात, तिथे अर्ज करता येतो. नाहीतर गावी परतायचे. तान्ह्या मुलीला घेऊन परक्या मुलखात एकटीने राहण्यापेक्षा गावच बरे, असे दोन्ही घरांनी ठरवले. जावई तीन आठवडे आधीच निघून गेले होते. जाताना त्यांनी सगळ्या पेट्यांवर पांढऱ्या रंगाने नाव, गाव आणि एक ते सहा आकडे घातले होते, आणि कोणत्या पेटीत काय हे एका वहीत लिहून ठेवले होते. मी मराठीचा प्राध्यापक. पण इतकी नेमकी वाक्यरचना मी आजवर क्वचितच वाचली आहे.

अंबाल्याची छावणी १८४३ सालची. सरळ रस्ते, चुन्याने रंगवलेली झाडांची बुंधे आणि सगळीकडे एक प्रकारची शिस्तशीर शांतता. क्वार्टर सोडायचे म्हणजे सरकारी सामान मोजून परत द्यायचे. खाटा, टेबल, पंखे, नळ, एवढेच काय पण खिडक्यांच्या काचाही मोजल्या गेल्या. मोजणीला आलेला माणूस प्रत्येक वस्तूपुढे खूण करी आणि आमची धाकटी चिऊला कडेवर घेऊन त्याच्यामागे खोल्याखोल्यांतून फिरे. लग्न होऊन तिला सहा वर्षे झाली होती आणि हे तिचे चौथे घर होते.

"मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवतं ना रे दादा," ती म्हणाली, "माझी अजून तीन राहिलीत."

पण खरे मांजर मात्र फिरायला तयार नव्हते. पेट्या ओढल्याचा आवाज ऐकताच ठकी जी पसार झाली ती झालीच. तिच्यासाठी वेताची टोपली आणली होती, तीत जुने पांघरूण घातले होते. रात्री उशिरापर्यंत धाकटी वाटीत दूध घेऊन मागच्या दाराशी हाका मारीत राहिली. शेजारच्या केरळी बाई म्हणाल्या, की मांजर घराचे असते, माणसांचे नव्हे; मी तिला दूध घालीन, तू जा. सकाळी रिक्षात बसताना ठकी दिसली. रिकाम्या क्वार्टरच्या भिंतीवर, पाय पोटाशी घेऊन, आमच्याकडे पाहत बसली होती. नवरा सीमेवर गेला तेव्हा ही पोर रडली नव्हती, असे मला त्या शेजारणीनेच सांगितले होते. त्या रिक्षात ती रडली. चिऊ आईचे तोंड पाहून आधी हसली आणि मग तिनेही सूर लावला.

आता एक कबुली देतो. आदल्या दिवशी मी धाकटीला सुचवले होते, की कुत्राही इथेच कुणाला तरी देऊन टाक. गावी काय कमी कुत्री आहेत? एवढ्या लांब त्याला न्यायचे, तान्हे लेकरू बरोबर, घरी आईचे सोवळे-ओवळे. मी अगदी मुद्देसूद बोललो. वर्गात बोलतो तसा.

तिने पाचव्या पेटीची कडी लावली आणि म्हणाली, "चिऊच्या वेळी मला सातवा होता, तेव्हा हे महिनाभर सरावाला गेले होते. रात्री वीज गेली की मी याच्या अंगावर हात ठेवून झोपायची. तू म्हणत असशील तर दोन पेट्या इथं ठेवते दादा. हा येणार."

त्यावर काय बोलणार?

रेल्वेने कुत्रा न्यायचा म्हणजे दोन वाटा. वातानुकूलित पहिल्या वर्गातली दोन किंवा चार बर्थची अख्खी खोली आपल्या नावावर असेल, तर कुत्रा आपल्याजवळ बसू शकतो. ती चैन आम्हाला परवडण्यासारखी नव्हती. दुसरी वाट गार्डाच्या डब्यातल्या पेटीची. गाडीच्या टोकाला गार्डाच्या डब्यात कुत्र्यांसाठी एक लहानसे कपाट असते, त्याला जाळीचे दार. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला दाखवायचा, पार्सल ऑफिसात सामानाच्या दराने भाडे भरायचे, पावती घ्यायची. खाणेपिणे मालकाने बघायचे. म्हणजे गाडी थांबली की धावायचे. वाटेत गार्ड बदलत जातात, तेव्हा दर नव्या गार्डसाहेबांना 'आमचा एक कुत्रा आहे' हे नव्याने सांगायचे. २०२२ पासून रेल्वे गार्डांना 'ट्रेन मॅनेजर' म्हणते. पण फलाटावर धावताना तोंडात जुनाच शब्द येतो.

आमची गाडी सचखंड एक्सप्रेस. अमृतसरच्या हरमंदिर साहिबापासून नांदेडच्या हुजूर साहिबापर्यंत जाणारी. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला, त्यामुळे पंजाब आणि आमचा मराठवाडा यांची सोयरीक तीनशे वर्षांची आहे, आणि ही गाडी म्हणजे त्या सोयरिकीचा राबता. डब्यात निम्मे यात्रेकरू. आमच्या समोरच्या बाकांवर तीन शीख आजीबाई होत्या. गाडी सुटून अर्धा तास झाला नसेल, तोच चिऊ त्यांच्यातल्या एकीच्या मांडीवर होती, आणि दिल्ली येईपर्यंत ती आमची राहिलीच नव्हती. धाकटीने दोन बाकांमध्ये जुन्या साडीची झोळी बांधली. चिऊला झोका द्यायला तिन्ही आजीबाईंनी आपसात पाळ्या लावून घेतल्या. या गाडीला वाटेत काही स्थानकांवर लंगरचे जेवण मिळते. सेवेकरी खिडकीशी येतात, आपण डबा किंवा ताट पुढे करायचे. दिल्लीला गरम कढी-भात मिळाला. आपल्याजवळ भांडे हवे, एवढीच अट. फौजी बायकोच्या पिशवीत भांडे नसेल असे कधी होत नाही.

सुभेदार मात्र उपाशी होता. अंबाल्याला त्याला पेटीत घालताना तो एकदाच वळून पाहून आत गेला, हुकूम पाळल्यासारखा. पण नंतर त्याने अन्नाला तोंड लावले नाही. दिल्लीला मी धावत गेलो, पोळी दिली, पाणी ठेवले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले. पुढे आग्र्यालाही तेच. धाकटी जाऊ शकत नव्हती. आमचा डबा मधोमध, गार्डाचा अगदी शेवटी, आणि चिऊ तिच्याशिवाय दहा मिनिटे राहीना. दर खेपेला मी धापा टाकीत परत आलो की ती फक्त भुवया उंचावून विचारी आणि मी मान हलवी. भोपाळला रात्र चढली होती. तिथेही नाही. बाहेर गारवा होता, पण सबंध दिवस त्या पेटीत उकडले असणार.

"आता तू झोप," मी म्हणालो. "सकाळी मनमाडला खाईल."

"सकाळपर्यंत पाण्यावाचून?" ती म्हणाली. मग पिशवीतून तिने जावयांचा जुना, कोपरावर विरलेला लोकरीचा स्वेटर काढला. "हा घेऊन जा. आधी हा दे, मग पाणी."

मध्यरात्रीनंतर कधीतरी एका स्थानकावर गाडी थांबली. मी स्वेटर आणि बाटली घेऊन निघालो. चाळिशी उलटलेल्या माणसाने रात्री फलाटावर पळू नये, चष्मा नाकावरून घसरतो. गार्डाच्या डब्याशी पोचलो तोच शिट्टी झाली. मी मागे वळून पाहिले. आमचा डबा कुठल्या कुठे होता. गाडी हलली. मी तसाच उभा, एका हातात बाटली आणि एका हातात स्वेटर. वरून एक हात आला आणि त्याने मला दंडाला धरून आत ओढले.

"हे नियमात बसत नाही," गार्डसाहेब हिंदीत म्हणाले. "आता बसा."

पुढचे स्थानक कधी, असे विचारले तर म्हणाले, दीड-दोन तास. माझा फोन डब्यात, चार्जिंगला लावलेला. गार्डसाहेबांनी आपला फोन पुढे केला, तेव्हा मला कळले की सख्ख्या बहिणीचा नंबर मला पाठ नाही. लहानपणी पाढे पाठ होते, मनाचे श्लोक पाठ होते. आता माणसे पाठ राहिली नाहीत. ती तिथे लेकराला घेऊन एकटी जागी असणार. गाडी सुटली आणि दादा परत आला नाही, एवढेच तिला ठाऊक. काय काय मनात आले असेल तिच्या! आणि मग एकदम वाटले, की पुढची दोन-तीन वर्षे रोज रात्री तिच्या मनात हेच येत राहणार आहे. फक्त माझ्या जागी दुसरे कुणी.

मी पेटीपाशी खाली बसलो. मंद दिव्यात सुभेदाराचे डोळे दिसले. तो गुरगुरला. मी जाळीतून स्वेटर आत सारला. त्याने नाक लावले, आणि मग असा एक आवाज काढला, की गार्डसाहेबही आपल्या कागदांवरून मान वर करून पाहू लागले. ते भुंकणे नव्हते, रडणेही नव्हते. स्वेटर पुढच्या पायांखाली ओढून घेऊन तो त्यावर हनुवटी टेकवून पडला. गार्डसाहेबांनी दार थोडे उघडू दिले. मी ओंजळीत पाणी धरले. बराच वेळ काही नाही. मग खरखरीत जीभ तळव्याला लागली. सबंध बाटली त्याने ओंजळी-ओंजळीने संपवली. माझ्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. गार्डसाहेबांनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी दिली, तीही गेली. "माझ्याही घरी एक आहे," ते म्हणाले, "पण तो बायकोचा ऐकतो. मी महिन्यातल्या निम्म्या रात्री असा."

पुढचे स्थानक आले तेव्हा मी पळत आमच्या डब्याशी गेलो. धाकटी दारातच उभी होती, चिऊ खांद्यावर झोपलेली, आणि मागे तिन्ही आजीबाई पहाऱ्यावर असल्यासारख्या. दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा पांढरा पडलेला दिसला. मला वाटले, आता ही ओरडेल.

"प्यायला का?" तिने विचारले.

"बाटलीभर," मी म्हणालो. तेव्हा कुठे ती दाराची कडी सोडून खाली बसली.

सकाळी मनमाड. इथे आमचा मुलूख सुरू होतो, निदान मला तसे वाटते. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी ही लाइन १९०० च्या सुमारास मीटर गेजची म्हणून पडली आणि १९९० नंतरच्या दशकात रुंद झाली. माझ्या लहानपणी मोठ्या गाडीतून इथे उतरायचे, सगळे सामान हमालाच्या डोक्यावर द्यायचे आणि छोट्या गाडीत बसायचे. त्या वेळी सहा पेट्या, लेकरू आणि सुभेदार घेऊन कुणी आले असते, तर त्याने इथेच घर केले असते! मग अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले गेले, देवगिरीचा किल्ला दिसला. धाकटीने चिऊला खिडकीशी धरले आणि तो दाखवला. चिऊने किल्ल्याऐवजी काच चाटली. छत्रपती संभाजीनगर, जालना, परतूर, सेलू. दोन्ही बाजूंना काळी जमीन, काढून ढीग घातलेले सोयाबीन, फुटू लागलेला कापूस आणि मधूनच ज्वारीच्या पेरणीसाठी तयार केलेली रिकामी शेते. हरियाणाची हिरवीगार सपाटी पाहून आल्यावर हा मुलूख गरीब दिसतो, हे खरे. पण मानवत रोड गेले तशी धाकटी केस नीट करू लागली.

परभणीला दुपारी उतरलो. ऑक्टोबरचे ऊन आमच्याकडे मे महिन्याची आठवण काढूनच पडते. फलाटावर उभे राहून तिने आधी सहाही पेट्या मोजल्या आणि मग म्हणाली, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." ही आमच्या गावची जुनी म्हण. जगात कुठे जमले तर उत्तम, नाही जमले तर परभणी आहेच. बाहेरचे लोक ती आमची थट्टा म्हणून सांगतात. आम्हाला तिचा दुसरा अर्थही कळतो. सुभेदार पेटीतून उतरला, अंग झाडले आणि स्वेटर तोंडात धरून तिच्या पायाशी येऊन बसला.

घरी आई आरती घेऊन दारात उभी होती. लेकीवरून, नातीवरून भाकरतुकडा ओवाळून झाला आणि मग तिचे लक्ष खाली गेले.

"हे कुत्रं उंबऱ्याच्या आत येणार नाही," तिने जाहीर केले.

सुभेदार उंबऱ्याच्या बाहेर बसला. तिथेच दोन दिवस बसून राहिला. वसुबारसेला आईने गाय-वासराची पूजा केली आणि नैवेद्यातली एक पुरणपोळी बाजूला काढून, कुणाकडे न पाहता, त्याच्यापुढे ठेवली. "दत्ताच्या पायाशी चार असतात," ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली. नरक चतुर्दशीच्या पहाटे मी अभ्यंगाला उठलो, तेव्हा सुभेदार चिऊच्या पाळण्याखाली झोपलेला होता. उंबरा कुणी ओलांडू दिला, हे घरात कुणीच विचारले नाही.

भाऊबीज झाली आणि मी तिला सासरी पोचवायला निघालो. गंगाखेडजवळचे गाव, गोदावरीच्या काठचे. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव, हे वाचकांना ठाऊकच आहे. तिथल्या पोरी अजूनही जनीच्या ओव्या सासरी नेतात. पाऊस चांगला झाला होता, नदी दोन्ही काठ धरून वाहत होती. तिच्या सासऱ्यांबद्दल मला थोडी धास्ती होती. ते ओसरीवर बसले होते. त्यांनी नातीला मांडीवर घेतले, मग सुभेदाराकडे बराच वेळ पाहिले.

"रानडुकरं लई झालीत शेतात," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

पेट्या आत नेल्या. एकेक उघडून धाकटी सामान लावू लागली. भांडी, अंथरुणे, चिऊचे कपडे. तीन नंबरची पेटी तिने भिंतीशी सरकवली, वर एक धुतलेला टॉवेल अंथरला आणि तशीच ठेवली. "त्यात काय आहे गं?" सासूबाईंनी विचारले. "यांचे कपडे," ती म्हणाली. "राहू द्या बंद. पुन्हा बांधायचंच आहे."

संध्याकाळी जावयांचा फोन आला. तिकडे रेंज मिळाली की येतो, त्याला वेळ-काळ नाही. आवाज तुटत होता. सगळ्यांनी आळीपाळीने विचारपूस केली. सुभेदाराच्या कानाशीही फोन धरला गेला. त्याने मान वाकडी केली आणि दाराकडे जाऊन पाहून आला. तेवढ्यात चिऊ रांगत भिंतीपाशी गेली, पेटीची कडी धरली आणि डगमगत, स्वतःच, पहिल्यांदा उभी राहिली.

"अहो, उभी राहिली!" धाकटी फोनमध्ये ओरडली. "पेटीला धरून!"

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग आवाज आला, "कितव्या?"

"तीन नंबरच्या," ती म्हणाली.